काट्यावरचा फॉर्म आणि त्याचं मॉडेल: नवख्यांसाठी

दिवाळी आटोपली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागतात, आणि त्याच सुमारास माझा फोन वाजायला लागतो. "दादा, सेव्ह केलं तं वजन शून्य दाखवून रायलं." बोलणारा काट्यावरचा मुलगा असतो आणि त्याच्या मागे गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. तालुक्याच्या गावात बसून जिनिंग, कृषी केंद्रं, पतसंस्था यांच्यासाठी लहानमोठी वेब अ‍ॅप्लिकेशनं लिहायची हा माझा धंदा. यंदा हाताखाली दोन नवी पोरं आली. पहिल्याच पंधरवड्यात दोघांनीही नेमक्या त्याच चुका केल्या ज्या मी कधीकाळी केल्या होत्या. फॉर्म भरला, बटण दाबलं, सर्व्हरवर मॉडेल (फॉर्ममधली माहिती ज्या ऑब्जेक्टमध्ये भरली जाते ते) पोचलं, पण आतून रिकामं. त्यांना वहीत जे लिहून दिलं तेच इथे जरा नीट करून देतो आहे.

उदाहरण कापूस आवक नोंदीचं घेऊ. भाषा सी शार्प, फ्रेमवर्क एएसपी डॉट नेट कोअर एमव्हीसी. प्रॉपर्टींची नावं मी इथे मराठीत लिहितो. सी शार्पला देवनागरी नावं चालतात, खरंच चालतात, पण कामात इंग्रजीच ठेवा. तुमच्या नंतर येणारा माणूस कीबोर्ड बदलून बदलून शिव्या देईल.

पायरी १: कोड उघडायच्या आधी पेलोड पाहा

ब्राउझरला तुमचा क्लास माहीत नसतो. बटण दाबलं की तो फक्त जोड्या पाठवतो: खान्याचं नाव आणि त्यात भरलेली किंमत. हाच पेलोड. बाजार समितीत मापारी एकेक चिठ्ठी वाचतो आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याच्या पट्टीत आकडा टाकतो, तसंच सर्व्हरवर मॉडेल बाइंडर करतो. चिठ्ठीवर नाव नसेल तर माल कुणाचा हे त्याला कळायला मार्ग नाही.

क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा, तिथली "प्रिझर्व्ह लॉग" ही टिक लावून ठेवा. ती नसेल तर सेव्हनंतर पान बदलतं आणि पाहायचं तेच पुसलं जातं. आता फॉर्म सबमिट करा आणि त्या विनंतीवर क्लिक करून "पेलोड" उघडा. असं काहीतरी दिसेल, अंक अर्थात इंग्रजीत:

शेतकरीआयडी = ११४
भरलेलंवजन = ३०.६०
रिकामंवजन = १७.३५
ओलावा = ९
तारीख = २०२४-११-१८

सोबत एक लांबलचक अगम्य अक्षरांचा खाना असेल. तो फॉर्म आपल्याच पानावरून आला आहे याची खूण आहे; फ्रेमवर्क तो स्वतः घालतं, त्याला हात लावू नका. बाकीचं सगळं तुमच्या फॉर्ममधून आलेलं. फॉर्ममधून सर्व्हरला एवढंच मिळतं, याच्या बाहेरचं काहीही नाही. या यादीत जे नाही ते मॉडेलात शोधत बसण्यात अर्थ नाही.

या यादीत काय येतं आणि काय गळतं, ते एकदा पाठच करून टाका. ज्या खान्याला नेम (एचटीएमएलमधलं name) नाही तो जात नाही. आयडी दिलेला असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. आयडी जावास्क्रिप्ट आणि सीएसएससाठी, नेम सर्व्हरसाठी. डिसेबल्ड खाना जात नाही, रीडओन्ली खाना जातो. टिक न केलेला चेकबॉक्स "नाही" असंही सांगत नाही, तो गप्पच बसतो. ड्रॉपडाउनमधून फक्त निवडलेल्या पर्यायाची किंमत जाते. त्यावर दिसणारं नाव नाही आणि बाकीची यादी तर नाहीच.

माझं "वजन शून्य" प्रकरण यातलंच होतं. निव्वळ वजन जावास्क्रिप्टनं काढून खान्यात दाखवत होतो आणि कुणी हातानं बदलू नये म्हणून खाना डिसेबल्ड केला होता. पडद्यावर १३.२५ क्विंटल स्पष्ट दिसत होतं. पेलोडमध्ये तो खाना नव्हताच. मी मात्र तीन तास डेटाबेसच्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये डोकं घालून बसलो होतो. आता पोरांना सांगून ठेवलंय, की पेलोड न पाहता माझ्याकडे यायचं नाही.

तसं पाहिलं तर निव्वळ वजन फॉर्ममधून यायलाच नको. भरलेल्या वजनातून रिकामं वजा करणं सर्व्हरलाही येतं.

पायरी २: टेबलाचा क्लास फॉर्मला लावू नका

नवखा माणूस हमखास एकच क्लास करतो. डेटाबेसमध्ये आवक नावाचं टेबल आहे, त्याचा क्लास आहे, तोच व्ह्यूला (पान दाखवणाऱ्या फाइलला) दिला, तोच पोस्ट अ‍ॅक्शनमध्ये म्हणजे फॉर्म स्वीकारणाऱ्या मेथडमध्ये पॅरामीटर म्हणून घेतला. पहिले दोन दिवस मस्त चालतं. मग गोष्टी आडव्या येतात.

जमिनीचं उदाहरण पाहा. शेतकरी नोंदणीच्या फॉर्मवर मी "क्षेत्र" असा एकच दशांशाचा खाना ठेवला होता, कारण टेबलात क्षेत्र हेक्टरमध्ये, दशांशात साठवलेलं होतं. एक काका नोंदणी करून गेले आणि दुसऱ्या दिवशी सात-बारा घेऊन परत आले. "बावा, माह्यं वावर एक हेक्टर पाच आर हाय. तुह्या कागदावर दीड हेक्टर काहून झालं?" त्यांनी एक पॉइंट पाच लिहिलं होतं. त्यांच्या मनात १ हेक्टर ५ आर, म्हणजे १.०५. संगणकाच्या लेखी १.५, म्हणजे १ हेक्टर ५० आर. पंचेचाळीस आर, म्हणजे एक एकराहून थोडी जास्तच जमीन एका टिंबानं वाढली. कोड बरोबर होता, डेटाबेस बरोबर होता, काकाही बरोबर होते. चुकला होता तो फॉर्मचा आकार.

उपाय सोपा. फॉर्मवर दोन खाने: हेक्टर आणि आर. फॉर्मसाठी वेगळा क्लास, त्यात दोन पूर्णांक प्रॉपर्टी, आर ० ते ९९ च्या आत. सेव्ह करताना हेक्टर अधिक आर भागिले शंभर करून टेबलाच्या क्लासात टाकायचं. माणूस जसं बोलतो तसा फॉर्म, फॉर्म जसा आहे तसा त्याचा क्लास, आणि टेबल आपल्या जागी.

म्हणून मी तीन वेगवेगळ्या गोष्टी मानतो. एक, टेबलाचा क्लास. दोन, पानाचं मॉडेल, म्हणजे व्ह्यू मॉडेल: पान दाखवायला जे जे लागतं ते सगळं, गावांची यादी, शेतकऱ्यांची यादी, आजचा दर, शीर्षक. तीन, इनपुट मॉडेल: माणूस जे भरून परत पाठवणार तेवढंच, एक खाना जास्त नाही, एक कमी नाही. इनपुट मॉडेल हे पानाच्या मॉडेलात एक प्रॉपर्टी म्हणून बसतं. लिहायला दोन क्लास जास्त लागतात म्हणून पोरं कुरकुर करतात. करू द्या.

यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. समजा हमीभावाच्या खरेदीचा फॉर्म आहे आणि दर लपवलेल्या खान्यात ठेवला आहे: ७५२१, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा क्विंटलचा हमीभाव. एफ-१२ दाबून तो आकडा ९००० करायला बारावीतल्या पोराला एक मिनिट लागतं. लपवलेला खाना म्हणजे कुलूप नव्हे, नुसता पडदा. त्याहून वाईट म्हणजे पोस्ट अ‍ॅक्शन टेबलाचाच क्लास घेत असेल, तर फॉर्मवर नसलेला खानाही माणूस स्वतःहून जोडून पाठवू शकतो. पैसेदिले = ट्रू असं एक नाव त्यानं पेलोडमध्ये घुसवलं आणि तशी प्रॉपर्टी क्लासात असली, तर बाइंडर ती इमानेइतबारे भरतो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर नेमका हाच प्रकार झाला. एका तरुणानं फॉर्ममध्ये एक जादा खाना घालून आपली की (प्रवेशाची किल्ली) रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या मूळ प्रकल्पाला जोडली आणि तिथे बदल करून दाखवला. त्यानंतर रेल्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत कोणते खाने स्वीकारायचे ते आपण नावानिशी सांगायची पद्धत आली. लाराव्हेलमध्ये फिलेबल यादी असते, जँगोत फॉर्म क्लास असतो. आपल्याकडे इनपुट मॉडेल हीच ती यादी. जी प्रॉपर्टी त्यात नाही, ती बाहेरून भरता येत नाही.

पायरी ३: नावं जुळवा, आणि उपसर्गाकडे नीट पाहा

इथे थोडं थांबू, कारण निम्मे फोन याच पायरीचे असतात.

बाइंडर प्रॉपर्टीचं नाव घेतो आणि त्या नावाची चिठ्ठी शोधतो: आधी फॉर्ममध्ये, मग रूटमध्ये (पत्त्याच्या मार्गात), मग पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात. इंग्रजी नावांत लहान-मोठ्या लिपीचा फरक तो मानत नाही. प्रॉपर्टी पब्लिक असायला हवी आणि तिला सेटर हवा. नुसतं फील्ड लिहिलं, गेट-सेट विसरले, तर तो त्याकडे बघतही नाही. एररही देत नाही. आमच्यातल्या एकानं हीच चूक केली आणि अर्धा दिवस नेटवर्कला दोष दिला.

आता उपसर्ग. पानाच्या मॉडेलात इनपुट मॉडेलची प्रॉपर्टी "नोंद" या नावाची आहे. व्ह्यूमध्ये टॅग हेल्परला (फॉर्मचे खाने छापून देणारी फ्रेमवर्कची सोय) तुम्ही नोंद.ओलावा असं सांगितलं, तर तो खान्याचं नेमही "नोंद.ओलावा" असंच छापतो. टिंबासकट. पेलोडमध्येही तसंच दिसेल. आता तुमची पोस्ट अ‍ॅक्शन पाहा. तिच्या पॅरामीटरचा टाइप इनपुट मॉडेल आहे आणि नाव ठेवलंय "मॉडेल". बाइंडर आधी "मॉडेल." नं सुरू होणाऱ्या चिठ्ठ्या शोधतो. नाहीत. मग उपसर्गाशिवाय नुसतं "ओलावा" शोधतो. तेही नाही, कारण चिठ्ठीवर "नोंद.ओलावा" लिहिलंय. मग तो तुम्हाला कोरं करकरीत ऑब्जेक्ट हातात देतो. नल नाही, एरर नाही, सगळ्या प्रॉपर्टी रिकाम्या.

दुरुस्ती एका शब्दाची: पॅरामीटरचं नाव "नोंद" करा. म्हणजे उपसर्ग आणि पॅरामीटर जुळले. किंवा पॅरामीटरवर बाइंड अ‍ॅट्रिब्यूट लावून प्रीफिक्स सांगा. मी पहिला मार्ग पसंत करतो. तो वाचणाऱ्याला लगेच दिसतो.

याच्या उलटा एक खड्डा आहे आणि तो फार फसवा आहे. इनपुट मॉडेलमध्ये "वजन" नावाची प्रॉपर्टी आहे आणि तुम्ही अ‍ॅक्शनच्या पॅरामीटरचं नावही "वजन" ठेवलं. पेलोडमध्ये "वजन = ३०.६०" व्यवस्थित आलंय. बाइंडर पॅरामीटरचं नाव पाहतो, "वजन" अशी चिठ्ठी दिसते, त्याला वाटतं हाच उपसर्ग. मग तो आतल्या प्रॉपर्टीसाठी "वजन.वजन" शोधत बसतो आणि काहीच सापडत नाही. नावं इतकी जुळली की जुळलीच नाहीत! पेलोड बरोबर, क्लास बरोबर, तरी मॉडेल रिकामं असं दिसलं की सगळ्यात आधी पॅरामीटरचं नाव आणि प्रॉपर्टीची नावं शेजारी शेजारी ठेवून पाहा. घरात बापलेकांचं नाव एकच असलं तर पोस्टमन कोणाला हाक मारणार, तसं आहे हे.

टॅग हेल्पर वापरत असाल तर नेम हातानं लिहू नका. हातानं लिहिलेलं नेम पुढे प्रॉपर्टीचं नाव बदललं की मागेच राहतं, आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

पायरी ४: ड्रॉपडाउनची यादी परत येत नाही

ओलावा भरला नाही, व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) फसलं, तुम्ही तेच पान परत दाखवलं, आणि धाडकन नल रेफरन्सची एरर. का? शेतकऱ्यांची यादी पानाच्या मॉडेलात, पान पहिल्यांदा दाखवणाऱ्या गेट अ‍ॅक्शननं भरली होती. पोस्टमध्ये फक्त शेतकरीआयडी = ११४ एवढंच परत आलं. यादी ब्राउझरनं पाठवलीच नाही, ती पाठवत नसतोच. म्हणून पान परत दाखवायच्या आधी यादी पुन्हा भरावी लागते. यादी भरण्याचं काम एका वेगळ्या मेथडमध्ये ठेवा आणि गेट व फसलेलं पोस्ट दोन्हीकडून तिलाच हाक मारा.

अलीकडच्या डॉट नेटमध्ये याला एक नवी शेपटी आहे. नवा प्रकल्प काढला की नलेबल तपासणी (कोणती प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, राहू शकते याची) आधीच चालू असते. ती चालू असताना यादीची प्रॉपर्टी प्रश्नचिन्हाशिवाय, कोरी ठेवलेली असेल, तर फ्रेमवर्क ती आवश्यक मानतं. मग तुम्ही सगळं पान-मॉडेलच पोस्टमध्ये घेतलं, तर माणसानं एकूण एक खाना बरोबर भरला तरी व्हॅलिडेशन फसतं: "गावांची यादी आवश्यक आहे." काट्यावरचा मुलगा गोंधळतो, कारण त्याला तसा खानाच कुठे दिसत नाही. पोस्टमध्ये फक्त इनपुट मॉडेल घेतलं की ही कटकट उरत नाही.

चेकबॉक्सचं थोडक्यात. टिक नसेल तर काहीच जात नाही, म्हणून टॅग हेल्पर त्याच नावाचा एक लपवलेला "फॉल्स" खाना फॉर्ममध्ये घालून ठेवतो. टिक केली की पेलोडमध्ये एकाच नावाखाली ट्रू आणि फॉल्स दोन्ही दिसतात. घाबरू नका, बाइंडर पहिला घेतो.

पायरी ५: एका शेतकऱ्याच्या तीन गाड्या

एका पावतीवर अनेक गाड्या असतील तर ओळींची यादी येते. तिथे नेम असं लागतं: नोंद.वाहने[०].क्रमांक, नोंद.वाहने[१].क्रमांक, असं पुढे. कंसातले अंक अर्थात इंग्रजी. फॉर लूपमधून टॅग हेल्परनं छापलं तर हे आपोआप होतं. फॉरईचनं छापलं तर अंक येत नाहीत आणि सगळ्या ओळी एकाच नावाच्या होतात. म्हणून इथे फॉरईच नको.

खरी गंमत "ओळ काढा" बटणानं होते. तीन गाड्या होत्या, मधली चुकून टाकलेली, मुलानं जावास्क्रिप्टनं ती ओळ पानावरून उडवली. आता पेलोडमध्ये [०] आणि [२] आहेत. बाइंडर शून्यापासून मोजत जातो. [१] सापडलं नाही की तो म्हणतो यादी संपली. तिसरी गाडी गेली. एरर नाही, इशारा नाही. हिशेब संध्याकाळी जुळत नाही आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

दोन मार्ग आहेत. एक, ओळ काढल्यावर उरलेल्या ओळींचे अंक जावास्क्रिप्टनं पुन्हा ओळीनं लावायचे. दोन, प्रत्येक ओळीसोबत "नोंद.वाहने.इंडेक्स" या नावाचा लपवलेला खाना ठेवायचा, त्यातला इंडेक्स हा शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि त्यात त्या ओळीची खूण लिहायची. मग ती खूण ० असो, २ असो की "क७" असो, बाइंडर त्या खुणांच्या यादीप्रमाणे ओळी उचलतो आणि मधलं भगदाड त्याला अडवत नाही. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण जावास्क्रिप्टवर विसंबावं लागत नाही.

ओळी खूपच असतील तर एक आकडा लक्षात ठेवा: १०२४. एएसपी डॉट नेट कोअर एका फॉर्ममधून मुळात तेवढेच खाने घेतं आणि एका यादीत तेवढेच घटक भरतं. एका ओळीत चार खाने धरले तर अडीचशेच्या पुढे फॉर्मच नाकारला जातो. मर्यादा वाढवता येते, पण अडीचशे ओळींचा एकच फॉर्म भरायला लावणं हेच मुळात चूक. त्यात लाइट गेली की सगळं पाण्यात.

पायरी ६: आकडे, तारखा आणि मराठी कीबोर्ड

ओलाव्याची प्रॉपर्टी तुम्ही डेसिमल ठेवली आणि वर रिक्वायर्ड (हा खाना भरलाच पाहिजे अशी खूण) लावलं. खाना रिकामा पाठवला तर एरर येते, ठीक. पण खाना पेलोडमध्ये आलाच नाही, म्हणजे नेम चुकलं किंवा डिसेबल्ड राहिला, तर प्रॉपर्टीत ० राहतं आणि रिक्वायर्ड खूश होऊन पुढे सोडून देतो, कारण त्याच्या दृष्टीनं ० ही किंमतच आहे. शून्य टक्के ओलाव्याचा कापूस मी अजून पाहिला नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात आणि १२ च्या वर माल परत, म्हणजे ० नोंदलं गेलं तर ओल्या मालालाही पूर्ण भाव लागला. म्हणून अशा प्रॉपर्टी नलेबल ठेवा, प्रश्नचिन्ह लावून, आणि मग रिक्वायर्ड. किंमत आलीच नाही तर नल राहील आणि रिक्वायर्ड त्याचं काम करेल.

तारखेचा किस्सा सांगतो. खान्यात कॅलेंडरचं एक प्लगिन लावलं होतं, ते दिवस/महिना/वर्ष असं पाठवायचं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची सेटिंग भारतीय, सगळं बरोबर. सर्व्हर भाड्याचा, लिनक्सचा, तिथे अमेरिकी वळणाची तारीख. ०५/११ ही पाच नोव्हेंबरची आवक मे महिन्याच्या अकरा तारखेला जाऊन बसली. १२ तारखेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. १३ तारखेला "तेरावा महिना" नसल्यामुळे फॉर्म अडला आणि मग मागचं उघड झालं. जिनिंगचे मुनीमजी मला म्हणाले, "मे महिन्यात कापूस कोणाच्या वावरात असते रे बाप्पा?" तेव्हापासून मी टाइप डेट असलेला साधा खाना वापरतो. तो पडद्यावर कसाही दाखवो, पाठवताना वर्ष-महिना-दिवस असंच पाठवतो, आणि ते भारतीय असो की अमेरिकी, दोन्ही सेटिंगमध्ये बरोबर वाचलं जातं.

आणि मराठी अंक. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की लोक ४५ असं देवनागरीत टाइप करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण डॉट नेट आकडा वाचताना फक्त इंग्रजी अंक ओळखतं. देवनागरी ४५ डेसिमलमध्ये बसत नाही, एरर येते. टाइप नंबर किंवा इनपुटमोड डेसिमल ठेवलं की फोन अंकांचा कीबोर्ड दाखवतो आणि बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. मोबाइल नंबराचं मात्र वेगळं आहे. तो आपण स्ट्रिंगमध्ये घेतो आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये "दहा अंक" म्हणून बॅकस्लॅश-डी लिहितो. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी अंक. डॉट नेटमध्ये मात्र जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक त्यात बसतात, देवनागरीसुद्धा. म्हणजे रेंज नसताना जावास्क्रिप्टची फाइल उतरलीच नाही, तर देवनागरी नंबर सर्व्हरची तपासणी सहज पार करून डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. त्या नंबरावर मेसेज जात नाही आणि शोधल्यावर शेतकरी सापडत नाही. म्हणून तिथे चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा, आणि तपासायच्या आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. माणसाला परत पाठवू नका. बदलणं दहा ओळींचं काम आहे.

पायरी ७: सेव्ह झाल्यावर आणि न झाल्यावर

सेव्ह झालं की व्ह्यू परत देऊ नका, रीडायरेक्ट करा. नाहीतर माणूस पान रिफ्रेश करतो आणि तीच गाडी दोनदा उतरते.

सेव्ह न झालं तर तेच पान परत दाखवायचं, हे वर आलंच. इथे एक गोष्ट डोकं फिरवते. पोस्टमध्ये तुम्ही मॉडेलातली एखादी किंमत बदलली, समजा गाडी क्रमांकातल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, आणि पान परत दाखवलं. खान्यात जुनंच दिसतं! डीबगरमध्ये नवीन, पडद्यावर जुनं. टॅग हेल्पर खाना भरताना आधी मॉडेलस्टेट पाहतो, म्हणजे माणसानं जे टाइप केलं होतं ते, आणि तिथे काही नसेल तरच मॉडेलकडे येतो. विचार करून पाहिला तर ते बरोबर आहे. माणसाची चूक त्याला दाखवायची असेल तर त्यानं टाइप केलेलंच दाखवायला हवं. किंमत तुम्हीच बदलायची असेल तर त्या खान्यापुरतं मॉडेलस्टेटमधून रिमूव्ह करा. सगळं क्लिअर करू नका, एररही त्यातच असतात.

आता काट्यावरच्या मुलालाही एफ-१२ दाबायला शिकवलं आहे. फोन करायच्या आधी तो पेलोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. मागच्या आठवड्यात आलेल्या फोटोत "नोंद.रिकामंवजन" दोनदा होतं: एकदा कोरं, एकदा १७.३५. पाहिलं तर आमच्या नव्या पोरानं त्याच पानावर मोबाइलसाठी एक आणि संगणकासाठी एक अशा खान्यांच्या दोन जोड्या ठेवल्या होत्या आणि नको ती सीएसएसनं झाकली होती. झाकलेला खाना दिसत नाही, पण जातो. दोन्हींची नावं एक, बाइंडरनं पहिला उचलला, आणि पहिला कोरा होता. एक जोडी काढून टाकली, उरलेलीच दोन्ही पडद्यांवर बसवली. गाडी तोवर काट्यावरच उभी होती.